सगळं बरोबर असलेलं आकाश

माझ्या कामाचं वर्णन थोडक्यात करायचं तर असं: आकाशात जिथे काहीही दिसत नाही अशा जागा शोधायच्या आणि तिथे खरोखरच काही दिसत नाही, हे चार शहाण्या माणसांना पटवून द्यायचं. लग्न होऊन भिवंडीत आले तेव्हा सासूबाईंना मी हे असंच सांगितलं होतं. त्यांनी पदर सावरला आणि विचारलं, "पण कॉलेजात शिकवतेस ना?" मी हो म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. बाकीचं त्यांनी माझ्या स्वभावात जमा केलं.

कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवत असे आणि उरलेल्या वेळात फार फार दूरच्या रेडिओ दीर्घिका शोधत असे. आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका. अशा असंख्य आहेत. त्यातल्या काहींच्या पोटात एक अजस्र कृष्णविवर असतं, ते दोन्ही बाजूंना झोत फेकतं आणि त्या झोतांतून रेडिओ लहरी निघतात. डोळ्यांना न दिसणारी दीर्घिका त्या लहरींमुळे रेडिओ दुर्बिणीला सापडते. दुर्बीण घाटावर. तिने घेतलेलं आकाश सीडींवर भरून माझ्याकडे यायचं आणि मी ते भिवंडीत, आमच्या घराच्या पडवीत बसून चाळायची. दुर्बिणीपाशी नाही तर मग तुम्ही करता तरी काय, असं लोक विचारत. मी निवडायचं काम करते, असं सांगायची. तांदूळ निवडतात तसं.

इतक्या दूरचं म्हणजे जुनं, ही गोष्ट समजावताना विद्यार्थ्यांपुढे माझी दमछाक व्हायची. राहनाळला गोडाऊनं असलेले एक शेठ मुलाच्या ॲडमिशनसाठी आले होते, त्यांना मात्र ती चहा संपायच्या आत समजली. "म्हंजे बाई," ते म्हणाले, "माल आज पोचला, पन ज्या पेढीनं धाडला ती चालू हाय का कवाच बंद पडली, ते आपल्याला ठावं न्हाय." मी म्हटलं, अगदी बरोबर. "मंग पोच कुनाला द्यायची?" या प्रश्नाचं उत्तर मला आजतागायत सापडलेलं नाही. मुलाला ॲडमिशन मिळाली. तो पुढे नापास झाला, पण त्यात वडिलांच्या बुद्धीचा दोष नव्हता.

आता निवडायचं कसं? जवळच्या शेलार गावात कुणाची हळद असली की आमच्या पडवीत काय ऐकू येतं? नुसता ढोल. बेंजोचे बारीक सूर वाटेतच जिरतात. दूरच्या रेडिओ दीर्घिकांचं काहीसं असंच आहे. कारण वेगळं, पण आडाखा तोच. खालच्या पट्टीत त्या ठणठणीत असतात आणि वरच्या पट्टीत पार मावळतात. म्हणून आकाशाच्या एकाच तुकड्याची दोन चित्रं काढायची. पहिला कागद खालच्या पट्टीचा, दुसरा वरच्या. पांढऱ्या कागदावर काळे ठिपके. जो ठिपका पहिल्या कागदावर आहे आणि दुसऱ्यावर त्याच जागी कोरं आहे, तो आपला. मग साध्या दुर्बिणीने घेतलेल्या फोटोतही ती जागा रिकामी निघाली, तर आनंदी आनंद. मोठे ठिपके कॉम्प्युटर बिनचूक जुळवतो. अगदी फिकट ठिपक्यांपाशी मात्र तो गडबडतो, आणि मला तर फिकटच हवे होते.

पण चित्रं कागदावर कशाला, हे भिवंडीकराला सांगायला नको. ती लोडशेडिंगची वर्षं होती. दिवसातून कित्येक तास वीज गुल. गल्लीतले कापड विणायचे लूम एका दमात थांबत आणि कानाला दडे बसल्यासारखी शांतता होई. वीज असेल तोवर मी चित्रं छापून घ्यायची आणि गेली की पडवीच्या उजेडात कागद मांडून बसायची. कागद होता कॉलेजातल्या परीक्षांचा उरलेला. मागच्याचं पुढे दिसेल इतका पातळ.

वरच्या पट्टीचे कागद मी आधीच छापून ठेवले होते; खालच्या पट्टीचे छापले त्या एका आठवड्यात मला चौदा दीर्घिका सापडल्या. ज्या सापडायला वर्ष जातं त्या चौदा. मी हवेत होते. त्याच वेळी शेजारचे जोमाकाका पेपर न्यायला आले. काका मूळचे शेलारचे, उभा जन्म कापडाच्या कारखान्यात मेंडिंग खात्यात गेलेला. मेंडिंग म्हणजे रफू. विणून आलेल्या कापडात धागा तुटलेला असेल तर तो सुईने असा भरायचा की विणणाऱ्यालाही ओळखू येऊ नये. कारखाना बंद पडल्यापासून काका गल्लीतल्या प्रत्येक गोष्टीवर बारीक नजर ठेवून होते.

काकांनी माझे चौदा कागद एका ओळीत मांडले, वीतभर मागे सरकले आणि म्हणाले, "गो रत्ना, ह्यो तुझ्या मशीनचा डाग हाय."

"काका, ही दीर्घिका आहे."

"काय असंल ती असंल. पन परतेक कागदावर कडंपासून चार बोटांवरच कशी? लूमचा रूळ खराब झाला का कापडावर असाच मापात डाग येतो. मशीन पूस."

मी प्रिंटर उघडून रूळ पुसला. चौदाच्या चौदा दीर्घिका एका फडक्यात आल्या. त्या क्षणी मी काकांना कामावर ठेवून घेतलं. पगार म्हणून त्यांनी दोन वेळचा चहा मागितला आणि चहात साखर किती घालायची यात काकूंनी लुडबूड करू नये, अशी अट घातली.

काम समजावून सांगितलं. दोन कागद शेजारी ठेवायचे. पहिल्यात ठिपका आहे आणि दुसऱ्यात नाही, असं दिसलं की ती जोडी बाजूला ठेवायची. काकांनी मान डोलावली. "ह्ये तर माझं रोजचंच," ते म्हणाले. हे वाक्य मी तेव्हा जरा नीट ऐकायला हवं होतं.

पुढचे तीन महिने काका रोज दुपारी यायचे. चष्म्यावर दुसरा चष्मा. खिशाला काळं बॉलपेन. मी कॉलेजातून परत येईपर्यंत गठ्ठा बांधून तयार असायचा आणि काका सांगायचे, "सगळं बरोबर हाय." बाजूला एकही जोडी नसायची. मीही काही आळशी नव्हते. त्यांनी पाहिलेले कागद रविवारी पुन्हा पाहायची. ठिपक्याला ठिपका जुळत होता. तीनशेच्या वर जोड्या झाल्या आणि आकाशाच्या त्या तुकड्यात एकही दूरची दीर्घिका निघाली नाही.

आता यात माझं काय पणाला लागलं होतं ते सांगते. रेडिओवाल्यांना दीर्घिका सापडते, पण ती किती दूर आहे हे ठरवायला तिच्या प्रकाशाची फोड करावी लागते, आणि ते परदेशातल्या एखाद्या भल्यामोठ्या दुर्बिणीचंच काम. तिथे वेळ मिळावा म्हणून जगभरातून अर्ज जातात. पाच वर्षं अर्ज केल्यावर पहिल्यांदाच आम्हाला अर्धी रात्र मिळाली होती. कोणत्या जागा पाहायच्या त्याची यादी सोमवारी दुपारपर्यंत पोचली नाही, तर ती अर्धी रात्र दुसऱ्या कुणाला जाणार होती. आणि यादी माझ्याकडून यायची होती.

पुण्याला माझे सर होते. त्यांच्याच हाताखाली मी हे काम शिकले. त्यांना फोन केला आणि सांगितलं, सर, एकही नाही.

सर म्हणाले, "रत्ना, निदान चुकीचे तरी आठ-दहा निघायला हवेत. आकाश इतकं शिस्तीचं नसतं."

"मी स्वतः दोनदा तपासलंय, सर."

आता मोठी लाज वाटते ते सांगायची वेळ आली. मी नुसती हटून बसले नाही, मी उपपत्ती मांडली. त्या दिशेला दूरच्या दीर्घिका का नसाव्यात, यावर चार पानं लिहिली. त्यात विश्वाच्या बालपणाविषयी अशी काही विधानं होती की ती आज आठवली तरी मी एकटी असतानाही इकडेतिकडे बघते. सरांनी ती वाचली आणि म्हणाले, "पटत नाही, पण लिहिलंयस झकास. शनिवारपर्यंत एखादं चित्र जोडून पाठव."

शनिवारी सकाळी वीज होती. उपपत्तीला जोडायला म्हणून मी एका तुकड्याची दोन्ही चित्रं पडद्यावर उघडली. पहिल्या चित्रात कोपऱ्यात एक फिकट ठिपका. दुसऱ्या चित्रात तिथे काही नाही. मी कागद काढला. कागदावर दोन्हीकडे ठिपका. आधी वाटलं पडदा मळलाय, म्हणून पदराने पुसला. मग वाटलं आपलं डोकं फिरलंय, म्हणून नवऱ्याला हाक मारली. आमचे हे लूमचे सुटे भाग विकतात, त्यांनी पडदा पाहिला, कागद पाहिला, कागद नाकाशी नेला आणि म्हणाले, "हा बॉलपेनचा वास आहे." तेवढ्यात वीज गेली.

मी तो कागद घेऊन तशीच शेजारी गेले. काका जेवायला बसले होते. ताटात सुकट आणि भाकरी. मी कागद ताटाशेजारी ठेवला.

"काका, हा ठिपका तुम्ही काढलात?"

काकांचा हात थांबला. चेहरा असा पडला की मला वाटलं, आता चूक कबूल करतील. ते हळूच म्हणाले, "तुला दिसला कसा?"

"म्हणजे काढलात."

"तीस वर्षं काम केलं, मालकाला एक रफू कवा दिसलं न्हाय. आनि तुला दिसला?" ते काकूंकडे वळले. "नजर गेली गो माझी."

माझा संताप असा काही उसळला की विचारू नका. मी ओरडले. काकांना आडमुठे म्हटलं, डोकं गहाण ठेवलंय का असं विचारलं. नसलेलं शोधायचं होतं, तुम्ही ते भरत बसलात, माझी पाच वर्षं पाण्यात गेली, हे सगळं जेवत्या माणसाच्या ताटापाशी उभी राहून बोलले. आजही त्याचं वाईट वाटतं. काकूंनी मला पाणी दिलं, खरं तर ते काकांना द्यायला हवं होतं.

काका शांतपणे म्हणाले, "तू सांगतलंस, नसंल तर बाजूला ठेव. आमच्यात बाजूला काय पडतं म्हायत हाय? जो कापडाचा ताका दुरुस्त व्हायचा न्हाय तो. माझ्या हातनं ताका कवा बाजूला गेला न्हाय. दोन कापडं जोडीची, एकाला भोक हाय, तसंच पुढं धाडलं तर लोक म्हनतील जोमा मेला का काय." मग म्हणाले, "आनि पोरीचं काम हाय, म्हनून जास्तच नीट केलं."

मी कागद पुन्हा उचलून पाहिला. ते खरोखर नीट केलेलं होतं. शेजारचा ठिपका जेवढा फिकट तेवढाच हा फिकट, सुईच्या टोकाएवढी टिंबं एकाला एक लावून भरलेला. माझ्यासारखी पीएच.डी. झालेली बाई दर रविवारी तो खरा समजत होती.

प्रश्न होता पुढे काय करायचं हा. तीनशेच्या वर जोड्या, कुठे रफू आहे ते डोळ्यांना ओळखू येत नव्हतं. पडद्यावर एकेक तपासावं तर सोमवारपर्यंत वीज मिळून किती तास असणार होती ते वीज मंडळालाच ठाऊक. मी काकांना विचारलं, तुम्हाला आठवतं का, कुठे कुठे भरलंय?

"आठवायचं कशाला?" काका हात धुऊन आले. "रफू समोरनं बगायचंच न्हाय. कापड उलटं कर."

त्यांनी कागद पालथा घातला, डोळे मिटले आणि मागच्या बाजूवरून बोट फिरवलं. एका जागी थांबले. "ह्यो बग." मी बोट लावलं. मोहरीहून बारीक असा एक उंचवटा लागला. बॉलपेन दाबलं की पातळ कागद मागे फुगतो. प्रिंटरने छापलेला ठिपका मागून सपाट राहतो. काकांनी बुजवलेलं प्रत्येक भोक मागच्या बाजूने बोटाला सांगत होतं की मी इथे आहे.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. काकांनी काय भरलं होतं? पहिल्या कागदावर असलेलं आणि दुसऱ्यावर नसलेलं. तीच तर माझी यादी. एकही फिकट ठिपका त्यांच्या नजरेतून सुटलेला नव्हता. जगातली कदाचित सगळ्यात चोख यादी माझ्या घरात तीन महिने पालथी पडून होती.

रविवारी आम्ही पडवीत चटई टाकून बसलो. काका डोळे मिटून बोट फिरवायचे, मी पेन्सिलीने खूण करायची, काकू चहा करायच्या आणि साखर स्वतःच्या मनाने घालायच्या. काकांनी काही ठिकाणी उलटंही केलं होतं, म्हणजे दुसऱ्यावर ठिपका आहे म्हणून पहिल्यावर भरला होता. ते वेगळे काढले. दुपारनंतर काकांचा आवाज बसत गेला. प्रत्येक खुणेला ते "हां, ह्यो चांगला जमला व्हता," असं पुटपुटायचे. मी म्हटलं, काका, दमलात का? ते म्हणाले, "दमलो न्हाय. आपलं काम आपनच उसवायचं, जिवाला बरं वाटत न्हाय." मला सकाळपासून माफी मागायची होती, ती मी तेव्हा मागितली. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि पुढचा कागद पालथा घातला.

त्रेचाळीस रफू निघाले. सोमवारी सकाळी वीज आली तेव्हा ते पडद्यावर ताडून पाहिले, सगळे खरे. साध्या फोटोंतून गाळून एकोणीस उरले. दुपारी बाराच्या सुमाराला मी सरांना यादी पाठवली आणि त्यांचा लगेच फोन आला.

"शनिवारपर्यंत शून्य आणि सोमवारी एकोणीस?"

"पुन्हा तपासलं, सर. वेगळ्या पद्धतीने."

"कोणत्या?"

"मागच्या बाजूने," मी म्हटलं. सरांना ही एखादी गणिती पद्धत वाटली असावी, कारण त्यांनी "वा" म्हटलं. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

"आणि तुझी ती उपपत्ती?"

"मागे घेते."

"अरेरे," सर म्हणाले. "मी एका मित्राला वाचायला दिली होती. त्याला पटली."

एकोणीसपैकी पाच जागा त्या मोठ्या दुर्बिणीने पाहिल्या. दोन ठिकाणी काही निष्पन्न झालं नाही, दोन साध्याच निघाल्या, आणि एक इतक्या दूरची निघाली की तिथून प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचं वय आजच्या दहाव्या हिश्श्याएवढं होतं. मी कॉलेजच्या ऑफिसात ती ईमेल वाचली आणि सरळ रडायला लागले. हेडक्लार्कना वाटलं घरी कुणी गेलं. त्यांनी मला रजेचा अर्ज भरून दिला. मी तो घेतला आणि घरी आले.

वर्षभराने शोधनिबंध छापून आला. शेवटी आभार मानायची पद्धत असते. सरांच्या नावानंतर मी जोमाकाकांचं पूर्ण नाव, त्यांच्या बापाच्या नावासकट घातलं होतं. छापील प्रत घेऊन मी मोठ्या ऐटीत शेजारी गेले. काकांनी चष्म्यावर चष्मा चढवला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण चित्रं होती. डावीकडे ठिपका. उजवीकडे कोरी जागा, आणि त्या कोऱ्या जागेकडे दाखवणारा एक ठसठशीत बाण.

"ह्यो बाण कशाला?"

"तिथे काही नाही, ते लोकांना कळावं म्हणून."

काकांनी पान उलटलं, पुन्हा सुलटं केलं. "आनि माझं नाव कुठं हाय?" मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी ती ओळ बराच वेळ बघितली. खूश होतील म्हणून मी वाट बघत होते.

"रत्ना," ते म्हणाले, "वर भोक. भोकाला बाण. आनि खाली माझं नाव."

मी म्हटलं, काका, आता छापून झालंय, जगभर गेलंय.

काकांनी प्रत मिटून मांडीवर ठेवली. "किती लोकं वाचत्यात ह्ये?"

मी कधी कुणाशी इतकं खरं बोलले नसेन. "तीस-चाळीस असतील."

"भिवंडीत?"

"मी एकटी."

काकांनी सुस्कारा सोडला आणि काकूंना चहा टाकायला सांगितलं. "मंग चालतंय," ते म्हणाले. "फकस्त शेलारला कुनाला सांगू नको."